संशोधनाचा विषय गेलेल्या बोर्डात शोधा

पीसीबी (इलेक्ट्रॉनिक उपकरणांतला छापील सर्किटाचा बोर्ड) तंत्रज्ञानात एम.टेक.चा किंवा पीएचडीचा प्रबंध करायचा तर विषय कोणता घ्यावा, यावर दरवर्षी ‘पेट’चा (पीएचडी प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की चर्चा झडते आणि दरवर्षी ती त्याच दोन गटांत फिरत राहते. पहिला गट म्हणतो, सध्या जे चालतंय ते घ्या : एआय, सिक्स-जी, अंगावर घालायची लवचीक सर्किटं, थ्रीडी प्रिंटिंग. दुसरा गट नाक मुरडून सांगतो की पीसीबी हा मुळात विद्यापीठाचा विषयच नव्हे. तो एमआयडीसीतल्या शेडमधला धंदा आहे, संशोधन करायचं तर चिपमध्ये करा. दोघांचंही भांडण तंत्रज्ञानाच्या नावांवरून आहे. कोणता प्रश्न सुटायचा राहिलाय, तो कोणाला छळतोय आणि तो सोडवायला विद्यापीठच का लागतं, हे दोघेही विचारत नाहीत. माझं म्हणणं असं की सुरुवात बिघाडापासून करावी. बोर्ड का जातो, कुठल्या हवेत जातो, किती दिवसांत जातो आणि तो जाऊ नये म्हणून जे आकडे आपण डोळे मिटून वापरतो ते आजही लागू पडतात का? एका विद्यार्थ्याच्या चार-पाच वर्षांना पुरून उरेल एवढं काम या चार प्रश्नांत आहे.

एआयवाल्यांचं आधी ऐकू, कारण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. बोर्डाच्या लाइनवर कॅमेऱ्याने तपासणी करणारी एओआय यंत्रं असतात आणि धुळीचा कण दिसला तरी ती दोष म्हणून बोंब मारतात. मग एक ऑपरेटर पाळीभर पडद्यासमोर बसून खरे दोष आणि खोट्या हाका वेगळ्या करत राहतो. हे काम कमी करता आलं तर कारखान्याचे पैसे आणि त्या माणसाचे डोळे दोन्ही वाचतील. पण प्रबंधांत होतं काय? पेकिंग विद्यापीठाचा एक प्रसिद्ध, फुकट मिळणारा चित्रसंच आहे. त्यात सहा प्रकारचे दोष आहेत : होल राहून गेलेलं, ट्रॅकची (करंट नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीची) कड उंदराने कुरतडल्यासारखी, ट्रॅक तुटलेला, शॉर्ट, ट्रॅकला फुटलेला काटा आणि नको तिथे उरलेलं तांबं. हे दोष कुठल्या लाइनवर घडलेले नाहीत, चांगल्या बोर्डांच्या चित्रांवर मुद्दाम काढलेले आहेत. विद्यार्थी तो संच उतरवून घेतो, चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या ‘योलो’ या एआय मॉडेलची ताजी आवृत्ती चालवतो, मध्ये एखादा थर वाढवतो आणि अचूकता दशांशाने वर गेली की प्रबंध बांधायला टाकतो. तुटलेला ट्रॅक आणि शॉर्ट तर साधी इलेक्ट्रिकल टेस्टही पकडते. जो दोष दोन पावसाळ्यांनी बोर्ड मारणार आहे, तो कॅमेऱ्याला दिसतच नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतोच. एखादा विद्यार्थी सहा महिने एओआयच्या ऑपरेटरशेजारी बसणार असेल, खऱ्या लाइनवरच्या खोट्या हाका गोळा करणार असेल, तर त्याने एआय जरूर घ्यावं. तसं करणारे कमी, म्हणून तक्रार.

चिपवाल्यांच्या बाजूने पैसा आहे आणि पैसा हा काही तुच्छ युक्तिवाद नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. नोकरी तिकडे असेल तर पोरांनी तिकडे जाऊ नये असं कोणत्या तोंडाने सांगणार? पण मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या २२,९१९ कोटींच्या घटक-निर्मिती योजनेत बहुस्तरीय पीसीबी आहेत, ते ज्यापासून बनतात ते लॅमिनेटही आहे. शिवाय चिप आणि बोर्ड यांच्यातली सीमाच पुसट होत चालली आहे. मोठ्या प्रोसेसरखालचा सबस्ट्रेट म्हणजे अतिबारीक बोर्डच, आणि त्यातली इन्सुलेशनची फिल्म अजिनोमोटो या खाद्यपदार्थांच्या जपानी कंपनीतून आलेली. सप्टेंबर २०२३ मध्ये इंटेलने काचेच्या सबस्ट्रेटची घोषणा केली. तिथे छळणारे प्रश्न कोणते? काच तडकणं, वाकणं, तांबं नीट न चिकटणं. बोर्डवाल्यांच्या घरचेच प्रश्न.

आता मुख्य मुद्दा. बोर्ड डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा हिशेब करावा लागतो : इतके अँपिअर न्यायचे तर ट्रॅक किती रुंद ठेवायचा? नेहमीचं तांबं ३५ मायक्रॉन जाड. त्यातून करंट गेला की ट्रॅक तापतो, किती तापू द्यायचा ते आपण ठरवतो आणि तक्त्यात बघून रुंदी काढतो. हा तक्ता आला कुठून? अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५० च्या दशकात केलेल्या मोजमापांतून. तेव्हाचे बोर्ड वेगळे, लॅमिनेट वेगळं, आणि मोजलेले ट्रॅक बाहेरच्या पृष्ठभागावरचे. पुढे बहुस्तरीय बोर्ड आले आणि आतल्या ट्रॅकसाठीही आकडे हवे झाले. ते कसे काढले? स्वतंत्र मोजमाप करून नव्हे, बाहेरच्या ट्रॅकचा करंट सरळ निम्मा धरून! आतला ट्रॅक कोंडलेला, त्याला हवा लागत नाही, म्हणजे तो जास्त तापणार, असा तर्क. तर्क ऐकायला पटतो. लष्करी मानकातून तो तक्ता आयपीसी या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेच्या मानकात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या इंजिनिअरांनी त्याच्या भरवशावर बोर्ड काढले. मग काही लोकांनी निरनिराळ्या जाडीचे बोर्ड बनवून, ट्रॅकमधून करंट सोडून, तापमान पुन्हा मोजलं. त्यातून २००९ मध्ये आयपीसी-२१५२ हे नवं मानक आलं. आतला ट्रॅक बाहेरच्याइतकाच किंवा त्याहून थोडा थंड राहू शकतो, हे त्यात स्पष्ट झालं, कारण उष्णता वाहून न्यायला स्थिर हवेपेक्षा एपॉक्सी आणि काचेचं लॅमिनेट बरं. पन्नास वर्षं जग आतल्या थरांत गरजेपेक्षा रुंद ट्रॅक टाकत होतं.

या कामाला काय लागलं असेल ते बघा. बोर्डांचे नमुने, पॉवर सप्लाय, तापमान मोजायची सोय आणि भरपूर चिकाटी. यातलं काय आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात नाही? चिकाटीबद्दल मी बोलत नाही.

दुसरा आकडा याहून मजेशीर आहे. सोल्डरिंगनंतर बोर्डावर क्षारांचा मळ किती राहिला तर चालतो? याचं उत्तर कित्येक वर्षं ठरलेलं होतं : दर चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मिठाइतका. हा आकडा १९७० च्या दशकातल्या अमेरिकी लष्करी कामातून आला. तेव्हा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) राळेचा होता, पार्टचे पाय होलमधून आरपार जायचे आणि बोर्ड सॉल्व्हंटने खळखळून धुतले जायचे. त्या सॉल्व्हंटांत सीएफसी होतं. १९८७ च्या माँट्रियल कराराने ओझोनच्या थरासाठी सीएफसीवर गदा आणली, उद्योगाने धुणं टाळायला ‘नो-क्लीन’ फ्लक्स आणले, पार्ट चपटे होऊन बोर्डाला चिकटून बसू लागले आणि मळ त्यांच्या पोटाखाली, जिथे काही पोचत नाही तिथे, अडकू लागला. सगळं बदललं, आकडा मात्र तोच. आयपीसीने तो सरसकट पास-नापासाची रेघ म्हणून वापरणं अखेर २०१८ मध्ये थांबवलं आणि सांगितलं की तुमच्या प्रक्रियेला किती मळ चालतो ते तुम्हीच पुराव्याने दाखवा. आता हा पुरावा भोसरीतला किंवा अंबडमधला पंधरा माणसांचा कारखानदार कुठून आणणार?

आणि दुर्लक्षित बिघाडातून मोठं शास्त्र उभं राहणं, हे आधीही घडलेलं आहे. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि आगीत माणसं होरपळली. त्या काळाचा चालता विषय कोणता होता? जास्त ताकदीची, जास्त वेगाची इंजिनं. चांगलाभला आस अचानक का मोडतो, हा प्रश्न दुरुस्तीखात्याचा. प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर या इंजिनिअराने तो हातात घेतला आणि १८५० ते १८७० च्या दरम्यान वर्षानुवर्षं आस फिरवत, वाकवत, मोडत राहिला. धातूच्या थकव्याचं शास्त्र त्यातून उभं राहिलं. आज सोल्डरचा जोड किती वेळा तापून-थंड होऊन तडकेल, याचा हिशेब त्याच घराण्यातला आहे. एफआर-४ (नेहमीच्या काच-एपॉक्सी लॅमिनेटचा) बोर्ड तापला की जाडीच्या दिशेने तांब्याच्या कितीतरी पट फुगतो, व्हायाच्या (थर जोडणाऱ्या होलच्या) आतली तांब्याची नळी ताणली जाते आणि असंख्य फेऱ्यांनंतर चिरते, हाही थकवाच. रेल्वेत तेव्हा व्होलरच्या कामापेक्षा झगझगीत कामं पुष्कळ असतील. ती आज कोणाला आठवतात?

माझ्याविरुद्धचा सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तो असा की बिघाडांची माहिती कंपन्यांकडे विद्यापीठांपेक्षा हजारपट आहे, त्यांच्या लॅब सरस आहेत, मग विद्यापीठाने त्या वाटेला जावंच कशाला? पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. मोबाइल बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला कुठल्या पुरवठादाराचा बोर्ड दमट हवेत कधी दगा देतो हे पक्कं माहीत असतं. पण ती माहिती बाहेर येते का? कंपनीच्या दृष्टीने बिघाडाचा अहवाल ही लपवायची गोष्ट, आणि गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय तो कोणाला दिसत नाही. जे एका कंपनीला कळलं ते दुसरीला स्वतःच्या पैशाने पुन्हा शिकावं लागतं आणि लहान कारखानदाराला कधीच शिकता येत नाही. ‘अमुक प्रक्रियेने बनवलेले इतके बोर्ड आम्ही मारले, ते असे मेले’ असं नावानिशी छापायला ज्याचं काही बिघडत नाही, असा घटक एकच. विद्यापीठ.

वेळ आणि उपकरणं यांचं रडगाणं मी अर्धंच मान्य करतो. काही विषय सामान्य कॉलेजाला झेपणार नाहीत, हे खरंच. काही मायक्रॉन रुंदीच्या रेघा काढायच्या तर स्वच्छ खोली, लेझर, प्लेटिंगची नियंत्रित लाइन लागते. ती नसताना तो विषय घेणं म्हणजे पाच वर्षं सिम्युलेशनची रंगीत चित्रं छापणं. पण बिघाडाच्या चाचण्या लांबतात म्हणून पीएचडीत बसत नाहीत, हा समज हिशेब न केल्यामुळे आहे. ८५ अंश आणि ८५ टक्के दमटपणा यांची १,००० तासांची चाचणी म्हणजे जेमतेम ४२ दिवस. पृष्ठभागाचा इन्सुलेशन-रोध मोजायची रूढ चाचणी १६८ तासांची, म्हणजे एक आठवडा. यूजीसी पीएचडीला सहा वर्षं देते. २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्तीही काढली, जरी काही ठिकाणी स्थानिक नियमांत ती अजून दबा धरून बसलेली असते. बोर्डाचा काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ या सामायिक उपकरण-केंद्रासारख्या सोयी बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पैसे भरून खुल्या आहेत.

आणि नमुना तरी केवढा? दोन कंगवे एकमेकांत दात घालून बसवावेत तशी तांब्याची नक्षी. दातांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट, आणि दोन्ही कंगवे कुठेही एकमेकांना टेकत नाहीत. कोणताही बोर्डवाला त्या नक्षीची गर्बर फाइल (बोर्ड काढायचा नकाशा) घेऊन आठवड्यात पॅनेल काढून देईल. त्यावर नेहमीचा फ्लक्स लावून, सोल्डरिंगच्या तापमानातून काढून, दमट पेटीत ठेवायची, दोन टोकांना व्होल्टेज द्यायचं आणि रोध मोजत बसायचं. सुरुवातीला मीटर गिगाओहम दाखवतो. फ्लक्स नीट जळलेला नसेल तर काही तासांतच आकडा हजारपट घसरतो. मग भिंगाखाली बघितलं की एका दाताकडून शेजारच्या दाताकडे शेवाळाच्या फांद्यांसारखे धातूचे तंतू निघालेले दिसतात. ते कधी निघाले, कुठल्या फ्लक्सने निघाले, किती दमटपणाला निघाले आणि पेटी कोरडी झाल्यावर काय झालं, यातला प्रत्येक प्रश्न स्वतंत्र मोजता येतो. हेच बोर्डाच्या आतही होतं. काचेच्या धाग्याची आणि एपॉक्सीची पकड सुटली की त्या फटीतून तांब्याचे क्षार व्होल्टेजच्या ओढीने सरकत एका व्हायापासून दुसऱ्यापर्यंत पोचतात. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकातच हे ओळखलं गेलं. तेव्हापासून दोन होलांमधलं अंतर घटत गेलं, सोल्डरमधून शिसं गेल्यामुळे सोल्डरिंगचं तापमान वाढलं आणि प्रश्न पुन्हा ताजा झाला.

स्थानिक प्रश्न घेतला की तो किरकोळ ठरतो, अशी एक भीती आपल्याकडच्या मार्गदर्शकांना असते. परदेशातल्या परीक्षकाला कोकणातल्या पावसाचं काय, असं ते विचारतात. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसले ते त्या जलाशयाची, पुराच्या पाण्याची, पुण्याची गरज म्हणून. नंतर ते ग्वाल्हेरला गेले, म्हैसूरला गेले. दमटपणा, उष्णता आणि गंधक ही काही महाराष्ट्राची खासगी मालमत्ता नव्हे. व्हिएतनाम, ब्राझील, नायजेरिया सगळीकडे हेच त्रिकूट आहे. उलट मानकांची बरीचशी हवा थंड देशांत ठरलेली.

आपल्या आसपास काय काय पडलं आहे ते बघा. शेतातल्या पंपाच्या ऑटो-स्टार्टरचा बोर्ड पत्र्याच्या पेटीत, तीन फेजच्या चढ-उतारांत, दुपारच्या तापलेल्या पत्र्याखाली आणि रात्रीच्या दवात जगतो. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे तो येतो तेव्हा रिलेच्या पायांशी हिरवट बुरा धरलेला असतो, मुंग्यांनी माती आणून ठेवलेली असते, एखादा ट्रॅक उडालेला असतो. तो थिनर आणि ब्रशने धुतो, जंपर मारतो, वार्निशाचा हात फिरवतो आणि बोर्ड परत पाठवतो. जे वाचत नाहीत ते खोक्यात टाकतो. असं प्रत्येक खोकं हा न वाचलेला नमुनासंच आहे, आणि पेकिंगच्या चित्रांसारखे त्यात कोणी दोष काढून ठेवलेले नाहीत. साखर कारखान्यांचंही तसंच. रस स्वच्छ करायला तिथे गंधकाचा धूर वापरतात, मळीच्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि त्याच आवारात नियंत्रणाचे पॅनेल उभे असतात. शिसं गेल्यावर बोर्डाच्या पॅडवर चांदीचा पातळ मुलामा देण्याची पद्धत पसरली. गंधकाच्या हवेत त्याच्या कडेने तांब्याचं सल्फाइड काळ्या डागासारखं पसरत शेजारच्या पॅडला टेकतं. हवा किती खाते हे मोजायची रीत साधी आहे : तांब्याची आणि चांदीची स्वच्छ पट्टी महिनाभर टांगायची आणि किती गंज चढला ते मोजायचं. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत म्हणजे हवा सौम्य, असं मानक सांगतं. गाळपाच्या हंगामात आणि हंगामानंतर, पॅनेलच्या आत आणि बाहेर, अशा पट्ट्या टांगायला कोणती परदेशी मदत लागते?

अशाने नवं काही जन्मणारच नाही, हा शेवटचा आक्षेप. पॉल आयस्लरचं उदाहरण त्यासाठी देतात. व्हिएन्नाचा हा ज्यू इंजिनिअर १९३६ मध्ये लंडनला आला, छापील सर्किटाचा रेडिओ त्याने बनवून दाखवला, आणि तारा जोडणाऱ्या मुली स्वस्त पडतात म्हणून त्याला वाटेला लावलं गेलं अशी गोष्ट सांगतात. बिघाडं तपासत बसला असता तर पीसीबी निघाला असता का, असा सवाल असतो. पण आयस्लरने चालता विषय घेतला होता का? त्याने छपाईचं जुनं तंत्र उचललं आणि रेडिओच्या पोटातल्या हातजोडणीच्या तारांच्या गुंत्याला लावलं. तिथला प्रत्येक जोड म्हणजे चुकायची एक जागा. छापील सर्किटाला पहिली मोठी मागणी आली तीही दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या प्रॉक्झिमिटी फ्यूजमधून (लक्ष्याजवळ पोचताच गोळा फोडणाऱ्या यंत्रणेतून), कारण तोफेतून उडतानाचा हिसका सहन करणारी जोडणी हवी होती. जे मोडतंय त्याच्याजवळ उभं राहणाऱ्यालाच नव्या गोष्टीची जागा दिसते, असं मला तरी यातून दिसतं.

म्हणून विषय मंजूर करणाऱ्या समित्यांनी ‘यात नवीन काय?’ या एका प्रश्नावर विद्यार्थ्याला फैलावर घेणं थोडं कमी करावं. मानकातला कुठला आकडा तू तपासणार, कुठल्या हवेत, किती नमुन्यांवर, आणि उत्तर ‘काहीच झालं नाही’ असं आलं तर त्याचा कोणाला उपयोग, हे विचारावं. रत्नागिरीच्या एका पडवीत आणि जळगावच्या एका पत्र्याखाली तेच कंगव्याचे नमुने, निम्मे संरक्षक लेप दिलेले आणि निम्मे उघडे, जून ते ऑक्टोबर ठेवले आणि उघडेही तितकेच टिकले, तर भोसरीच्या त्या कारखानदाराचा प्रत्येक बोर्डामागचा लेपाचा खर्च वाचू शकतो. अशा निकालाला आज आपल्याकडे प्रबंध म्हणून पास करतील का, याचीच मला शंका आहे.